साम्राज्य मित्राच्या पावलांनी येते

(खापरखेडा येथील व्याख्यानमालेत 'महासत्ता, साम्राज्यवाद आणि आपण' या विषयावर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन.)



विषय कळला तेव्हा मनात एक शंका आली होती. महासत्तांचे राजकारण, साम्राज्यवाद, आंतरराष्ट्रीय संबंधांचे सिद्धान्त हे दिल्लीतील चर्चासत्रांचे विषय. दिवसभर कोळशाच्या खाणीत किंवा वीजकेंद्राच्या पाळीत राबून सायंकाळी येथे येऊन बसलेल्या श्रोत्यांसमोर ते कशासाठी मांडायचे? परंतु येताना ती शंका मावळली. या व्यासपीठापासून कन्हानच्या काठाने थोडे खाली गेले की कामठी लागते. कामठीची छावणी १८२१ साली वसली. ती नागपूरच्या राजाने वसविलेली नव्हे. राजाच्या रक्षणासाठी म्हणून, राजाच्याच खर्चाने जे परकीय सैन्य येथे आले, ते मुक्काम हलवायचे विसरले आणि त्यातून ती छावणी उभी राहिली. आज तेथे आपल्याच सेनेच्या गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र आहे, ही अभिमानाची गोष्ट. पण ती जागा छावणी कशी झाली, हा प्रश्न विचारला की साम्राज्यवादाचे संपूर्ण शास्त्र उलगडू लागते. म्हणून हे शास्त्र समजून घ्यायला लंडन-वॉशिंग्टनपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. नागपूरच्या राज्याचा ७५ वर्षांचा इतिहास पुरेसा आहे.

सिद्धान्त आधी थोडक्यात सांगतो. पाश्चात्त्य विद्यापीठांत ज्याला वास्तववाद म्हणतात, तो असे सांगतो की जगात राष्ट्रांच्या डोक्यावर कोणी न्यायाधीश नाही. म्हणून प्रत्येक राष्ट्राने स्वतःच्या सामर्थ्यावरच सुरक्षित राहायचे असते. हान्स मॉर्गेन्थाऊ यांनी १९४८ साली हा विचार ग्रंथरूपाने मांडला, केनेथ वॉल्ट्झ यांनी १९७९ मध्ये त्याला अधिक काटेकोर रूप दिले. एखादे राज्य फार बलवान होऊ लागले की इतरांनी एकत्र येऊन त्याला तोलून धरायचे, हा त्यातील सत्तासंतुलनाचा नियम. दुसरा विचार आर्थिक. इंग्लंडमधील हॉब्सन यांनी १९०२ साली साम्राज्याचे मूळ भांडवलाच्या भुकेत दाखविले आणि पुढे लेनिन यांनी त्यावर आपला सिद्धान्त रचला. आपल्याकडे दादाभाई नौरोजी यांचा संपत्तीच्या निर्यातीविषयीचा ग्रंथ १९०१ मध्ये, म्हणजे हॉब्सन यांच्याही आधी, प्रसिद्ध झाला होता, हे मात्र अभ्यासक्रमांत फारसे सांगितले जात नाही. तिसरा विचार तुलनेने नवा. गॅलघर आणि रॉबिन्सन या दोन इंग्रज इतिहासकारांनी १९५३ मध्ये असे दाखविले की साम्राज्याला नेहमी भूमी जिंकावी लागतेच असे नाही. प्रभाव, कर्ज, व्यापार आणि स्थानिक सहकारी यांच्या बळावर काम भागत असेल तर ते तेवढ्यावरच थांबते. भागेनासे झाले, की मग सैन्य येते.

आणि आपला कौटिल्य? १९०५ च्या सुमारास म्हैसूरच्या शामशास्त्रींच्या हाती 'अर्थशास्त्रा'ची पोथी आली, १९०९ मध्ये ती छापली गेली. पुढे मुंबई विद्यापीठासाठी प्रा. कंगले यांनी तिची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्यातील मंडलसिद्धान्त आपण ऐकलेला असतो: शेजारी तो शत्रू, शत्रूचा शेजारी तो मित्र. पण तेवढ्यावर थांबणे म्हणजे कौटिल्याला सुभाषितांच्या वहीत कोंबणे होय. त्याने परराष्ट्रधोरणाचे सहा मार्ग सांगितले. त्यांतील एक संश्रय, म्हणजे बलवानाचा आश्रय. आणि या आश्रयाविषयी तो स्पष्ट बजावतो की आपल्याहून प्रबळ राजाच्या निकट जाणे हा राजाच्या दृष्टीने मोठाच दोष आहे. शत्रूशी प्रत्यक्ष झुंजत असताना तेवढा अपवाद. हे वाक्य मनात ठेवा. थोड्या वेळाने नागपूरच्या वाड्यात आपल्याला ते आठवायचे आहे.

आता इतिहासाकडे वळू. प्रथम १७८० साल. इंग्रजांविरुद्ध पुण्याहून नाना फडणविसांनी चौघांची एक मोट बांधली होती: पेशवे, हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले. सत्तासंतुलन म्हणजे काय, हे शिकवायला याहून सुंदर उदाहरण नाही. योजना अशी की चारी दिशांनी एकदम दाब यावा आणि त्यात भोसल्यांनी बंगालवर उतरावे. मुधोजी भोसल्यांचे सैन्य ओडिशापर्यंत गेलेही. पण बंगालवर ते पडलेच नाही. वॉरन हेस्टिंग्जने मोठी रक्कम देऊन नागपूरला या मोटेतून अलगद बाहेर काढले. संतुलनाचा नियम जाणणारे पुण्यात होते, नागपुरातही होते. परंतु संतुलनाचा खर्च आज करावा लागतो आणि लाभ उद्या मिळतो. हेस्टिंग्जची रक्कम मात्र आज मिळत होती. वॉल्ट्झ यांच्या पुस्तकात राष्ट्रे पटावरील सोंगट्यांसारखी हलतात. प्रत्यक्षात त्यांच्या खजिन्यात खडखडाट असतो, फौजेचे पगार थकलेले असतात.

येथे एक गोष्ट आपण प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. १७४२ ते १७५१ या काळात नागपूरकरांच्या फौजा बंगालमध्ये चौथाईसाठी गेल्या. अलीवर्दी खानाने १७४४ मध्ये भास्करराम कोल्हटकरांना भेटीला बोलावून दगाफटक्याने मारले, हे आपण संतापाने सांगतो. परंतु बंगालमधील सामान्य हिंदू शेतकऱ्याच्या घरी 'बारगी' या शब्दाची जी दहशत बसली, ती पाळण्यातील गाण्यांत उतरली आणि आजही पुसलेली नाही. नागपूर हे त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने साम्राज्यच होते. हे सांगताना जीभ अडखळते, पण सांगितल्यावाचून १८०३ समजत नाही. कटक प्रांत इंग्रजांनी घेतला तेव्हा तो वाचविण्यासाठी तेथील जनता उठली नाही. ज्या भूमीला आपण केवळ वसुलीचे खाते मानतो, ती संकटकाळी आपली राहत नाही. नियतीचा खेळ असा की त्याच बंगालमध्ये वाढलेल्या एका मराठी घराण्यातील सखाराम गणेश देऊस्कर यांनी १९०४ साली बंगाली भाषेत 'देशेर कथा' हा इंग्रजांच्या आर्थिक शोषणावरील ग्रंथ लिहिला, आणि सरकारला १९१० मध्ये त्यावर बंदी घालावी लागली.

असो. १८०० साली नाना गेले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहावर सही केली आणि तैनाती फौज पुण्यात आणली. वेलस्लीने १७९८ मध्ये निजामापासून सुरू केलेली ही पद्धत. फौज इंग्रजांची, अधिकारी इंग्रजांचे, खर्च मात्र राजाचा. मोबदल्यात राजाचे परराष्ट्रधोरण कंपनीच्या हाती. दुसरे रघूजी भोसले आणि शिंदे हे जाणून होते, म्हणूनच ते लढले. असई २३ सप्टेंबर १८०३, अडगाव २९ नोव्हेंबर, गाविलगड १५ डिसेंबर आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह. कटक गेले, वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख गेला, नागपुरात रेसिडेंट बसला. कटकमध्ये कंपनीला इतका रस का? कारण बंगाल आणि मद्रास या इंग्रजांच्या दोन इलाख्यांना समुद्रकाठाने जोडणारी भूमी तीच होती. येथे कापूस नव्हता, कारखानदार नव्हता. होता तो नकाशा. म्हणून साम्राज्यवाद म्हणजे निव्वळ भांडवलाची भूक, हे सूत्र १८०३ ला लावायला गेले की अपुरे पडते.

पराभवानंतरही रघूजींनी एक गोष्ट केली, जिचे श्रेय त्यांना क्वचितच दिले जाते. त्यांनी रेसिडेंट स्वीकारला. तैनाती फौज स्वीकारली नाही. प्रस्ताव येत राहिले, आमिषे येत राहिली, पेंढाऱ्यांचे भय तर दाराशी होते. तेरा वर्षे हा पराभूत, अर्धे राज्य गमावलेला राजा 'नाही' म्हणत राहिला. दुबळ्या राष्ट्राचे स्वातंत्र्य बहुधा अशा नकारातच शिल्लक असते. वास्तववादी पंडितांना महासत्तांचे एवढे आकर्षण असते की या प्रकारच्या नकाराला त्यांच्या ग्रंथांत जागाच नाही.

२२ मार्च १८१६ रोजी रघूजी वारले. पुत्र परसोजी देहाने आणि मनाने दुर्बल. कारभार कोणी पाहायचा? एका बाजूला रघूजींच्या राणी बाकाबाई आणि त्यांचा पक्ष, दुसऱ्या बाजूला पुतणे मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब. आप्पासाहेबांना कारभार मिळाला, पण वाड्यातील विरोधक मिटले नव्हते. आणि मे महिन्याच्या अखेरीस एका रात्री, दरबारातील बहुतेकांना पत्ता लागू न देता, आप्पासाहेबांनी तैनाती फौजेचा तह केला. वर्षाला साडेसात लाख रुपये. तेरा वर्षांचा नकार एका रात्रीत संपला.

कोणता शत्रू चालून आला होता? कोणताही नाही. कौटिल्याने जो एकमेव अपवाद सांगितला, तो येथे नव्हता. बलवानाचा आश्रय घेतला गेला तो परक्या शत्रूविरुद्ध नव्हे, घरातील प्रतिस्पर्ध्याविरुद्ध. माझ्या मते आपल्या इतिहासातील तैनाती फौजांचे खरे रहस्य येथे आहे. बाजीरावाला होळकरांचे भय, निजामाला मराठ्यांचे, आप्पासाहेबांना बाकाबाईंचे. इंग्रजांनी भय निर्माण केले नाही. त्यांनी भयाला भाव दिला. रॉबिन्सन यांनी पुढे 'स्थानिक सहकाऱ्यांवाचून साम्राज्य उभे राहत नाही' असा जो सिद्धान्त मांडला, तो येथे अक्षरशः लागू पडतो. फरक एवढाच की आपल्याकडे त्याला फितुरी म्हणून दोन शिव्या हासडल्या की विषय संपला असे मानतात. आप्पासाहेब फितूर नव्हते. पुढच्याच वर्षी ते लढले. ते अदूरदर्शी होते आणि राज्याच्या दृष्टीने ती फितुरीहून लहान चूक नव्हे.

१ फेब्रुवारी १८१७ ला परसोजी मृतावस्थेत आढळले आणि आप्पासाहेब राजे झाले. आता घरात प्रतिस्पर्धी उरला नव्हता, म्हणजे फौजेची गरजही उरली नव्हती. परंतु फौज परत जाण्याचे कलम अशा तहांत नसते. पुण्याशी पत्रव्यवहार सुरू झाला, पेशव्यांकडून वस्त्रे आली, ती आप्पासाहेबांनी उघड दरबारात धारण केली. आणि २६ नोव्हेंबरच्या सायंकाळी सीताबर्डीच्या टेकडीवर युद्धाला तोंड लागले. जेन्किन्सजवळ दीड हजारांच्या आसपास सैनिक. समोर त्याच्या अनेक पट फौज, त्यात शर्थीने लढणारे अरब. दुसऱ्या दिवशी मध्यान्हापर्यंत सारे संपले. सीताबर्डीचा किल्ला आज सेनेच्या ताब्यात आहे आणि वर्षातून मोजक्याच दिवशी सर्वांसाठी उघडतो. तेथे इंग्रज सैनिकांच्या कबरी आहेत. आमच्या पडलेल्यांची नावे तेथे शोधू नका.

तारखा मात्र पाहा. खडकीची लढाई ५ नोव्हेंबरला. त्याच दिवशी ग्वाल्हेरला शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला. सीताबर्डी २६ नोव्हेंबरला. होळकरांची महिदपूरची लढाई २१ डिसेंबरला. तिघे लढले, तिघेही शौर्याने लढले, आणि तिघे स्वतंत्रपणे, एकामागून एक हरले. १७८० ची मोट बांधणारा कोणी उरला नव्हता. सत्तासंतुलन आपोआप होते, असे पाश्चात्त्य ग्रंथ सुचवितात. ते आपोआप होत नाही. त्यासाठी एक माणूस, एक दप्तर आणि वेळेवर पोहोचणारे जासूद लागतात.

पुढची कथा झपाट्याने सांगतो. आप्पासाहेब शरण गेले, पुन्हा पकडले गेले, निसटले, महादेवाच्या डोंगरात राहिले, लाहोरपर्यंत गेले आणि १८४० मध्ये जोधपुरात वारले. गादीवर अल्पवयीन तिसरे रघूजी बसविले गेले आणि कारभार रेसिडेंटने पाहिला. हे तिसरे रघूजी कंपनीशी आजन्म एकनिष्ठ राहिले. ११ डिसेंबर १८५३ ला ते निपुत्रिक वारले आणि डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले. रेसिडेंट मॅन्सेल यांनी राज्य राखावे असे लिहिले होते, कलकत्त्याच्या कौन्सिलात कर्नल लो यांनीही विरोध नोंदविला. दोघेही इंग्रजच. म्हणजे साम्राज्यात सज्जन असतात. पण निर्णयाच्या क्षणी यंत्रणेचा भार त्यांच्यापेक्षा जड ठरतो. वाड्यातील हत्ती, घोडे, बैल विकले गेले, जडजवाहीर कलकत्त्याला लिलावात गेले. बाकाबाई वृद्धापकाळी हे सारे पाहत होत्या.

आता वर्धेच्या पलीकडचा वऱ्हाड पाहा, म्हणजे चित्र पूर्ण होईल. तो निजामाकडे होता. निजाम तर कंपनीचा १७९८ पासूनचा मित्र. त्याने कधी सीताबर्डी लढविली नाही. परंतु त्याच्या नावाने हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज उभी केली गेली, तिचा खर्च त्याच्यावर चढत गेला, खर्चाचे कर्ज झाले आणि मे १८५३ च्या तहाने कर्जापोटी वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेला. कर्ज फिटल्यावरही तो परत आला नाही. १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाखांच्या मोबदल्यात तो कायमच्या पट्ट्याने घेतला. लढला त्याचे राज्य गेले, एकनिष्ठ राहिला त्याचे गेले, मित्र होता त्याचा सर्वांत सुपीक प्रांत गेला. आणि दोन्ही प्रांत एका वर्षाच्या आत गेले. हा योगायोग नव्हे. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा होता, आणि नागपूरच्या खालसातीविषयी लिहिताना डलहौसीने कापसाचा उल्लेख टाळलेला नाही. १८०३ ला न लागणारे हॉब्सनचे सूत्र १८५३-५४ ला नेमके लागते. एकच साम्राज्य, पन्नास वर्षांत कारण बदलले. म्हणूनच एका सिद्धान्ताला चिकटून बसणाऱ्यांचा मला थोडा कंटाळा येतो.

कापूस घेऊन जाण्यासाठी १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला येथेच एम्प्रेस मिल सुरू केली. नाव सम्राज्ञीचे, धैर्य स्वदेशी. देशी गिरण्यांचे कापड विकू लागताच काय झाले? १८८२ मध्ये विलायती कापडावरील आयातशुल्क काढले गेले, आणि महसुलासाठी ते पुन्हा लावावे लागले तेव्हा १८९६ मध्ये देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसविला गेला, म्हणजे लँकेशायरला स्पर्धा नको. तो कर जायला १९२६ उजाडले. सीताबर्डीला तोफा लागल्या होत्या. या कराला एक राजपत्र पुरले.

आपण म्हणाल, हे सारे गेले. गेलेच आहे, आणि साम्राज्यवाद हा शब्द स्वस्त करू नये, असे माझे मत आहे. श्रीलंकेने २०१७ मध्ये हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या पट्ट्याने चिनी कंपनीला दिले, तेव्हा आपल्याकडे लगेच वऱ्हाडाची पुनरावृत्ती झाल्याचे बोलले गेले. तपशील थोडा वेगळा आहे. श्रीलंकेचे मोठे कर्ज आंतरराष्ट्रीय रोखेबाजाराचे होते आणि पट्ट्याचे पैसे परकीय गंगाजळी सावरायला वापरले गेले. तरीही बंदर गेलेच. आणि ज्या चीनकडून इंग्रजांनी १८९८ मध्ये हाँगकाँगलगतचा मुलूख ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतला होता, त्याच चीनच्या कंपनीने तोच आकडा लिहून घ्यावा, यात इतिहासाचा विनोद आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात टोपीकरांविषयी जे लिहिले, ते आठवते. इतर सावकारांमागे राजा नसतो, यांच्यामागे असतो. म्हणून यांना समुद्रतीरी जागा देऊ नये. कोलंबोत ते कोणी वाचले नव्हते. खरे तर आपणही उशिराच वाचले.

आणि कापूस? २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले. त्यातील निम्मे रशियाचे तेल घेतो म्हणून. आपला देश मुकाट्याने वाकला नाही, तेलाचा निर्णय आपला आपण करू असे सांगितले, हे योग्यच झाले. परंतु त्याच महिन्यात वस्त्रोद्योगाला दिलासा म्हणून कापसावरील ११ टक्के आयातशुल्क काही काळासाठी काढले गेले, आणि पुढे ती मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढविली गेली. म्हणजे नेमक्या कोणत्या दिवसांत? आपल्याकडे सीतादही होते, वेचणी सुरू होते, यवतमाळ-वर्ध्याच्या बाजारात पहिल्या गाड्या लागतात, त्या दिवसांत. गिरण्या वाचविणे आवश्यक होते. तिरुपूरच्या कामगाराचे पोट माझ्या शेतकऱ्याच्या पोटाहून वेगळे नाही. पण महासत्तेचा दाब राष्ट्रावर येतो तेव्हा तो सर्वांच्या खांद्यांवर समान वाटला जात नाही. रघूजींच्या नकाराची किंमत खजिन्याने दिली. आजच्या नकाराची किंमत वऱ्हाडातील कोरडवाहू शेतकऱ्याने एकट्याने द्यावी काय, हा प्रश्न परराष्ट्रधोरणाचाच आहे. तो कृषिखात्याचा म्हणून बाजूला सारणे बरोबर नव्हे. ज्याला किंमत द्यावी लागते त्याला विश्वासात घेतले, त्याचे नुकसान भरून दिले, तर तो नकार तेरा वर्षेच काय, पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. नाही तर त्याच्या मनात भय उत्पन्न होते, आणि भयाला भाव देणारे जगात नेहमीच असतात.

माझा वेळ संपला आहे. रात्रपाळीला जाणाऱ्या मंडळींनी आता निःसंकोच उठावे. बाकीच्यांचे प्रश्न असतील, विशेषतः १८१६ च्या तहाविषयी आणि कापसाविषयी, तर मी बसलेलोच आहे.